चोरचोळी

"अहो, तृप्तीला दिवस गेलेत," शालन म्हणाली.

मी शेंगा सोलत बसलो होतो. समोर टीव्हीवर गावातल्या चॅनेलच्या सातच्या बातम्या चालल्या होत्या. नगरपालिका पाणी एक दिवसाआड सोडणार, अशी बातमी होती, आणि ती वाचणारी मुलगी म्हणजे तृप्ती, आमची एकुलती एक लेक.

"कोण तृप्ती?" मी विचारलं.

शालननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिचे सुजलेले पाय पाटावर ठेवलेले, मान पुढं काढलेली. "तोंडावर कसं आलंय बघा. आणि मघाशी पाणी प्यायला वळली ना, तेव्हा एक हात आपसूक कमरेला गेला. चौथा सरून पाचवा लागला असंल."

"उद्या पाणी नाही म्हणतायत, ते ऐक. पिंप भरून ठेव."

बातम्या साडेसातला संपल्या. शालन तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "मी आजी होणार."

मी शेंगांची टरफलं उचलली आणि बाहेर टाकून आलो.

याला सहा वर्षं झाली. आम्ही विट्याला शिवशक्ती कॉलनीत राहत होतो. मी टेलिफोन खात्यात लाइन इन्स्पेक्टर होतो, तेव्हा रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. चौतीस वर्षं मी खांब रोवले आणि तारा ओढल्या. गावात केबल आली तेव्हा केबलवाले आमच्याच खांबांवर फुकटात वायरी लटकवायचे. त्यात एक सुहास निकम होता. त्याच्या वायरी मी दोनदा तोडून खाली टाकल्या होत्या. हाच सुहास पुढं आमच्याकडं बॉक्स दुरुस्त करायला यायला लागला, आणि तृप्तीचा साखरपुडा तीन दिवसांवर आला असताना ती त्याच्याबरोबर निघून गेली.

जात एकच होती. घर चांगलं होतं. लोक मला विचारायचे, "तोडकर, मग अडलं कुठं?" मला सांगता यायचं नाही. माझ्या खांबावर फुकट वायर टाकणारा माणूस माझ्या घरातनं पोरगी घेऊन गेला, एवढंच मला दिसायचं.

ती गेली त्या दिवशी मी शालनचा हात माझ्या गळ्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती. तृप्तीला भेटायचं नाही आणि फोनवर बोलायचं नाही. शालननं ती शपथ पाळली. बाजारात लेक समोरून येताना दिसली, तर ही रस्ता बदलायची. पण वर्षभरात सुहासनं केबलवर स्वतःचं चॅनेल काढलं, ग्रामदीप नावाचं, आणि तृप्ती त्याच्यावर रोज सातला बातम्या वाचायला लागली. बघायचं नाही, असं मी शपथेत घातलं नव्हतं. दोन वर्षं शालननं एक दिवस चुकवला नाही. गावात दुसरी केबल नव्हती, आणि मलाही क्रिकेट लागायचं. डिश घेऊ, डिश घेऊ म्हणत मी दिवस काढले.

दिवस गेल्याचं शालन बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फायबरच्या इंटरनेटवाल्यांना फोन केला. गावात नुकतंच ते आलं होतं. संध्याकाळपर्यंत वायर आली, डबी बसली, टीव्हीला अ‍ॅपं जोडली गेली. मी शिडी लावून केबलची वायर स्वतःच्या हातानं काढली.

शालन दारात उभी होती. "बातम्या लागतील का हो यात?"

"दिल्लीच्या, मुंबईच्या, अमेरिकेच्या. पाहिजे तेवढ्या."

"आपल्या?"

"आपल्या कुठल्या?"

ती आत गेली. सुहासनं ते चॅनेल फोनवर किंवा इंटरनेटवर कधी टाकलं नव्हतं. फुकट दिसायला लागल्यावर केबल कोण घेणार? ते फक्त वायरीतनंच दिसायचं, आणि वायर मी गुंडाळून माळ्यावर टाकली होती.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला त्यात गोडी लागली. आमच्या कॉलनीत अठ्ठावन्न घरं. मी ठरवलं, एकाही घरात निकमची केबल ठेवायची नाही. रोज चार वाजता चहा घेतला की मी बाहेर पडायचो. कुणाला काय आवडतं ते विचारायचं आणि त्या माणसाला नेमकं त्याचं अ‍ॅप निवडून द्यायचं. कोणाला मालिका पाहिजेत, कोणाला कीर्तन, कोणाला दाक्षिणात्य मारामारीचे सिनेमे. कोणतं अ‍ॅप फुकट, कोणतं वर्षाचं घेतलं तर परवडतं, एका खात्यावर किती टीव्ही चालतात, हे मला पाठ झालं. खात्यात असताना लोकांनी मला एवढा मान दिला नव्हता. बायका दारातनं हाक मारायच्या, "काका, आमच्याकडं कधी येताय?"

पाटील मास्तर तेवढे ऐकत नव्हते.

"तोडकर, त्या अ‍ॅपात कुस्ती दिसती का?"

"कुस्ती, कबड्डी, क्रिकेट. पाहिजे तिथं थांबवा, पाहिजे तेवढं मागं न्या."

"मागं नेऊन काय करू? हरलेला पैलवान मागं नेल्यावर जिंकतोय का?"

"मास्तर, जाहिराती नाहीत."

"जाहिराती नसल्या तर लघवीला कधी उठू?" ते हसले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "जावयाचा धंदा बसवायला निघालाय म्हणं."

"मला जावई नाही."

"पोरगी तरी आहे का?"

मी पुढच्या घराकडं निघालो. पण आठ दिवसांनी त्यांच्या सुनेनंच अ‍ॅप घेतलं. मास्तरांचं कोण ऐकतंय?

महिनाभरात सत्तावन्न घरं झाली. उरलं एकच, आमच्या ओळीतलं तिसरं घर, देशमाने वहिनींचं. वहिनी विधवा होत्या, एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडं मी शेवटी जायचं ठेवलं होतं, कारण त्यांना आमच्या घरातलं सगळं माहीत होतं.

त्या दिवसांत शालन संध्याकाळी पावणेसातला बाहेर पडायची. हातात कापसाची पिशवी. "वहिनींकडं वाती वळायला जाते," म्हणायची. तिच्या हृदयाची झडप खराब होती. डॉक्टरांनी चालायचं कमी करायला सांगितलं होतं. तीन घरं ओलांडायला तिला दहा मिनिटं लागायची. प्रत्येक फाटकाला धरून ती उभी राहायची. मी गच्चीवरून बघायचो. आठला ती परत यायची तेव्हा तिचं तोंड शांत असायचं. पिशवीतला कापूस तसाच.

एवढ्या वाती कुठल्या देवाला लागतात, हे मी तिला विचारलं नाही. मला कळलं होतं.

एका बुधवारी दुपारी मी मागच्या खोलीत पडलो होतो. परसात शालन आणि देशमाने वहिनी बोलत होत्या. मी झोपलोय असं त्यांना वाटत होतं.

"दिली का हो?" शालननं विचारलं.

"दिली. हातात घेतली आणि डोळ्यांना लावली पोरीनं. म्हणाली, आईनं स्वतः शिवली? म्हटलं, तर काय. बसून बसून शिवलीय, चार टाके घालायची आणि धाप टाकायची."

"बसली का अंगात?"

"थोडी सैल ठेवलीत ते बरं केलंत. तिनं सांगितलंय, शुक्रवारी सातच्या बातम्यांना घालणार. म्हणाली, आईला सांगा, शुक्रवारी नीट बघ."

मग वहिनी म्हणाल्या, "आता रडू नका बाई. छातीत दुखंल."

पोटुशी लेकीला पाचव्या महिन्यात माहेरून गुपचूप हिरवी चोळी द्यायची रीत आमच्याकडं आहे. चारचौघांत ओटी भरायच्या आधीची ही. गाजावाजा करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, म्हणून तिला चोरचोळी म्हणतात. माझ्या आईनं माझ्या बहिणीला दिली होती, शालनच्या आईनं शालनला. ती घालून लेक आईसमोर उभी राहते, आई दृष्ट काढते, झालं.

मी उठलो आणि शर्ट घालून समोरच्या दारानं बाहेर पडलो. फायबरच्या माणसाला फोन करून शुक्रवारी सहाची वेळ ठरवली. वहिनी घरी परतल्यावर मी त्यांच्याकडं गेलो.

"वहिनी, तुमचं काम शुक्रवारी करून टाकतो. माझ्याच खात्यावर चालवा, तुम्हाला पैसा पडणार नाही. जुने मराठी सिनेमे म्हणाल तेवढे."

वहिनींचं तोंड उतरलं. "भाऊजी, सोमवारी करा की."

"माणूस शुक्रवारीच मोकळा आहे."

"मग पुढच्या शुक्रवारी."

"सगळी कॉलनी झाली, वहिनी. तुमच्या एका घरासाठी खांबावरनं वायर लोंबकळत ठेवायची का? उद्या पोरांच्या अंगावर पडली तर जबाबदारी कुणाची?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. नाही म्हणाल्या नाहीत. एकट्या बाईला शेजाऱ्याशी वाकडं घेऊन राहता येत नाही, हे मला माहीत होतं.

गुरुवारी शालननं मला ताट वाढलं आणि समोर बसली. एरवी ती माझं झाल्यावर जेवायची.

"अहो, वहिनींची केबल शुक्रवारी काढताय?"

"हां."

"एवढा शुक्रवार जाऊ द्या. शनिवारी काढा. मी आडवी येणार नाही."

"का? शुक्रवारी काय आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला खोटं बोलता यायचं नाही. वातींचं खोटं तिनं कसं निभावलं देव जाणे. "मी चोरचोळी पाठवलीय," ती म्हणाली. "शुक्रवारी घालणार आहे ती. भेटायचं नाही, बोलायचं नाही, मी सगळं पाळलंय. तुमच्या गळ्याशप्पथ पाळलंय. एवढं एकदा बघू द्या. नंतर टीव्ही फोडा म्हणाला तरी फोडीन."

मी भाकरीचा तुकडा मोडला. "चोराच्या घरी चोळी चोरूनच जायची," मी म्हणालो. "कालवण वाढ."

तिनं कालवण वाढलं.

शुक्रवारी मी सहालाच देशमाने वहिनींकडं जाऊन बसलो. फायबरचा माणूस इरफान म्हणून होता. कॉलनीतल्या सगळ्या जोडण्या त्यानंच केल्या होत्या. त्यानं भिंतीला भोक पाडलं, डबी बसवली, चार हिरवे दिवे लागले. साडेसहाला शालन आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आज कापसाची पिशवी नव्हती. तिनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती, केसांत अबोली माळली होती. लेकीनं बघावं म्हणून की काय कोण जाणे. टीव्हीतनं कुठं दिसतं? ती कॉटवर बसली आणि छातीवर हात ठेवून दम खाऊ लागली. वहिनींनी तिला पाणी दिलं आणि तिच्याकडं न बघता आत गेल्या.

इरफाननं हातातली पक्कड फिरवत विचारलं, "काका, केबल राहू द्यायची का? दोन्ही चालतंय एकाच टीव्हीवर. आजींना वाटलं तर हे बघतील, वाटलं तर ते."

"नको. त्या निकमला कशाला पोसायचं?"

इरफान मोठ्यानं हसला. "काका, म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? फायबर पण निकमसाहेबांचंच. कंपनीचं नाव वेगळं, पण आपल्या भागाची एजन्सी त्यांची. केबलमध्ये आता काय राहिलंय? ते स्वतःच म्हणतात, कॉलनी तोडकरकाकांनी मिळवून दिली, आमच्या माणसांनी सहा महिन्यांत झाली नसती."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. महिनाभर दारोदार फिरून मी सुहास निकमचं दुकान मांडून दिलं होतं.

शालनला हसू आलं. ते टोचून हसणं नव्हतं. खूप दिवसांनी बायको नवऱ्याकडं बघून हसते तसं. "मग झालं तर," ती म्हणाली. "आता तुमचं त्यांच्याशी काय भांडणच उरलं नाही. राहू द्या की दोन्ही. वायर आहे तिथंच आहे. नुसतं बटण दाबायचं."

इरफान माझ्याकडं बघत उभा राहिला. तिचं म्हणणं खरं होतं. ती वायर तोडून आता सुहासचा एक केससुद्धा वाकडा होणार नव्हता. ती वायर आता एकाच माणसाच्या उपयोगाची होती.

"काप," मी म्हणालो.

"काका, पण काकू..."

"कनेक्शन माझ्या खात्यावर आहे. काप म्हटलं ना?"

त्यानं कापली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात झाले होते. शालन बसल्या जागेवरनं उठली नाही. इरफान सामान आवरून निघून गेला. जाताना त्यानं शालनला नमस्कार केला, मला केला नाही.

सातला मी टीव्ही लावला. पडद्यावर चित्रं सरकायला लागली. मी रिमोट शालनच्या हातात दिला. "यात बोललं की झालं. हे बटण दाब आणि काय पाहिजे ते बोल. शोधायचं सुद्धा नाही."

तिनं रिमोट तोंडाजवळ धरला. बटण दाबलं. "तृप्ती," ती म्हणाली.

पडद्यावर कसल्या कसल्या चौकटी आल्या. एका हॉटेलातली थाळी. योगासनं शिकवणारी एक बाई. एका सिनेमातली नटी. शालन एकेका चौकटीवर थांबायची, निरखून बघायची. "ही नव्हं," म्हणायची. "ही पण नव्हं." सगळ्या बघून झाल्यावर तिनं पुन्हा बटण दाबलं आणि शाळेत नाव घालताना सांगतात तसं सावकाश, पूर्ण सांगितलं, "तृप्ती रघुवीर तोडकर."

काही सापडलं नाही, असं पडद्यावर आलं.

"बघ," मी म्हणालो. "सगळ्या जगात नाही ती."

स्वयंपाकघरात वहिनी रडत होत्या. शालननं रिमोट उशीवर ठेवला, कॉट धरून उठली आणि घरी गेली. मी मागून चालत होतो. तिनं एकाही फाटकाला धरलं नाही.

त्यानंतर ती माझ्याशी भांडली नाही. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर. फक्त त्या टीव्हीकडं तिनं पुन्हा बघितलं नाही. महिनाअखेरीला ग्रामदीप बंद झालं. केबलला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं, बातम्या कुणासाठी वाचायच्या? हे मला इरफाननं सांगितलं. मी शालनला सांगितलं नाही. सातला ती कुठं असायची ते मी बघत नव्हतो.

सात आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, तिला श्वास लागला. सांगलीला नेताना गाडीतच ती गेली.

माझी मोठी बहीण आक्का आटपाडीहून दुपारी आली. शालनला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. पांढरी चादर गळ्यापर्यंत, तोंड उघडं, कपाळाला कुंकू. सवाष्ण गेली म्हणून बायका ओटी भरून जात होत्या. मी उशाशी भिंतीला टेकून बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "तृप्ती आलीय."

मी दारातनं बघितलं. ती फाटकाबाहेर उभी होती, सुहासचा हात धरून. पोट चांगलं पुढं आलं होतं, सातवा सरत आला असेल. तिनं फाटकाच्या कडीला हात घातला तेवढ्यात आक्का ओसरीवरून ओरडली, "थांब गं! पोटुशीनं मढं बघायचं नसतं. आत पाऊल टाकू नको."

"आत्या, मला तोंड बघू दे," तृप्ती म्हणाली. "दोन मिनिटं."

"बाळाला बाधतं. बाई गं, ऐक." आक्कानं माझ्याकडं वळून विचारलं, "तूच सांग रं. लेक तुझी आहे."

पाटील मास्तर तिथंच होते. ते म्हणाले, "तोडकर, कसलं काय बाधतंय? येऊ द्या पोरीला."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी आत ये म्हणालो असतो, तर आक्का काही करू शकत नव्हती. तीन वर्षांत तृप्ती पहिल्यांदा माझ्या समोर उभी होती.

"आक्का म्हणते ते बरोबर आहे," मी म्हणालो.

तृप्तीनं कडी सोडली. ती रडली नाही. सुहासनं तिला कुंपणाच्या कडेला खाली बसवलं.

तेव्हा देशमाने वहिनी उठल्या. पदराखालून त्यांनी फोन काढला, बाहेर गेल्या, सुहासशी काहीतरी बोलल्या आणि परत आल्या. शालनच्या जवळ बसून त्यांनी फोन तिच्या तोंडावर धरला. "बघ गं बाई," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "बघून घे. आई झोपल्यासारखी दिसतीय."

फोन माझ्या बाजूला कलला होता. पडद्यावर तृप्तीचं तोंड होतं, एवढंसं. ती खाली बघत होती आणि खाली शालनचं तोंड होतं. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. मायलेकींची गाठ पडली होती. भेटायचं नाही, बोलायचं नाही, सगळं पाळून शालननं शेवटी तिला गाठलं होतं. फोनमधनं आवाज आला, "आई."

मी पुढं झालो आणि चादर शालनच्या तोंडावर ओढली.

आक्कानं हंबरडा फोडला. "बघवंना झालं गं माझ्या भावाला! बघवंना झालं!" बायका रडायला लागल्या. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वहिनी फोन धरून तशाच बसल्या होत्या, त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांना कळलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

फोन चालूच होता. त्यातनं तृप्ती म्हणाली, "आबा, राहू दे. नका बघू. आबा, नका हो रडू."

मी रडत नव्हतो. पण मी तोंडावर हात घेतला.

शालन गेल्यावर तीन दिवस मला घरात मिठाचा डबा सापडला नाही. चौथ्या दिवशी सापडला, हाताशीच होता, रोजच्या जागेवर. तेव्हा मी रडलो. ते कुणी बघितलं नाही.

तृप्तीला मुलगी झाली. बाळंतपणातनं उठल्यावर ती सुहासला घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, मला वाटायचं तुमचं काळीज दगडाचं आहे. त्या दिवशी कळलं." मला तिच्या घरी नेलं. आता मी तिथंच असतो. देशमाने वहिनी गेल्या वर्षी वारल्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

घरी पाहुणे आले की तृप्ती ती गोष्ट सांगते. आबांना आईचं तोंड बघवेना, मला दिसत असताना त्यांनी चादर ओढली. पहिल्यांदा ती एवढंच सांगायची. मग त्यात आलं की आबांचे हात थरथरत होते. गेल्या रविवारी सुहासचा मामा जेवायला होता, त्याला ती म्हणाली, "चादर ओढली आणि आबा तिथंच बेशुद्ध पडले."

मामानं हातातला घास खाली ठेवला. "असं प्रेम आता कुठं बघायला मिळत नाही," तो म्हणाला. "खरंय का हो, तोडकर?"

मी मान हलवली. तृप्तीनं डोळे पुसले आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.